समुद्र हलला, बाण राहिले

गोलाबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. पृथ्वीचा गोल काखेत मारून ती वर्गात शिरायची, आणि अंगानेही काही काडी नव्हती, त्यामुळे नाव लगेच चिकटलं. अकरा वर्षं ती त्याच शाळेत भूगोल शिकवत होती, कंत्राटावर. सुट्टी लागली की शाळा तिला मोकळं करायची, शाळा उघडली की पुन्हा नेमायची. मुख्याध्यापक दर वर्षी म्हणायचे, "पुढच्या वर्षी तुम्हाला कायम करून टाकू." ते पुढचं वर्ष काही उजाडत नव्हतं.

मग शाळेत चित्रकथा बनवायचं सॉफ्टवेअर आलं. धडा कॉमिकमध्ये मांडायचा आणि वर्गातल्या पडद्यावर दाखवायचा. कायम असलेल्या शिक्षकांनी ताबडतोब काखा वर केल्या. एकाचे डोळे दुखायला लागले, एकीची कंबर धरली. राहिली गोलाबाई.

"एवढं करून दाखवा," मुख्याध्यापक म्हणाले. "संस्थेच्या समितीपुढे ठेवायला काहीतरी दिसणारं हवं. मग बघतोच, तुम्हाला कोण कायम करत नाही ते."

एवढं गाजर दाखवल्यावर ती कशाला मागे सरते! वर्षभर संगणकाच्या खोलीत ठाण मांडून बसली. सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं होती: डॉक्टर, चोर, आजोबा, शिक्षिका. तिने शिक्षिका उचलली. तिला आपल्यासारखा चष्मा दिला, हनुवटीवर तीळ दिला, काखेत गोल दिला. कंबर मात्र बारीक केली, तेवढी हौस कुणाला नसते? पृथ्वी फिरते तर आपल्याला चक्कर का येत नाही, नदी दमत नाही का, असले मुलांचे अकरा वर्षांतले सगळे आचरट प्रश्न तिला पाठ होते. ते तिने चित्रातल्या मुलांच्या तोंडी घातले आणि चित्रातल्या बाईंकडून उत्तरं देववली. या बाई कधी ओरडत नसत. पोरं खूश होती.

चाळीस धडे झाले. चूक एकच राहिली. समुद्रावरच्या वाऱ्यांच्या धड्यात चित्रातल्या बाईंची पाठ समुद्राकडे यायची, म्हणून तिने मागचं चित्र आरशातल्यासारखं फिरवलं. डावीकडचा समुद्र उजवीकडे गेला, बाण मात्र होते तसेच राहिले. मग भर दुपारी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागला, आणि घाईत तिने बाईंच्या तोंडच्या फुग्यातलं वाक्यही बाण बघूनच लिहिलं. वर्गात लक्षात आलं तेव्हा ती हसली. "मुलांनो, इथे बाई चुकल्यात हं! दुपारी जमीन आधी तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. बाण उलटे समजा." पोरंही हसली. सावकाश दुरुस्त करू म्हणता म्हणता ते राहून गेलं. सांगायला ती स्वतः तिथे उभी होतीच की.

समिती आली, पाहून गेली. पेपरात मुख्याध्यापकांचा फोटो आला. सुट्टी लागली, संपली, शाळा उघडली. गोलाबाईला बोलावणं आलं नाही. आठ दिवस वाट पाहून ती आपणहून गेली.

"अहो, तुम्ही काम इतकं पक्कं करून ठेवलंय की आता आमचा कारकूनही भूगोलाचा तास घेतो," मुख्याध्यापक अगदी कौतुकाने म्हणाले. "बटण दाबायचं, झालं. समितीच म्हणाली, वेगळी शिक्षिका कशाला?"

गरज सरो, वैद्य मरो. इथे तर औषधाची बाटली वैद्यानेच भरून हातात दिली होती. तिला मुख्याध्यापकांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला.

ती घरी शिकवण्या घ्यायला लागली. खालच्या मजल्यावरची मुलगी यायची, त्याच शाळेत यंदा नव्याने आलेली. एका दुपारी तिने वहीत वाऱ्याचे बाण काढले.

"अगं, उलटे काढलेस. दुपारी वारा समुद्राकडून येतो."

"नाही काकू. आमच्या बाईंनी असंच सांगितलंय."

"कुठल्या बाई?"

"पडद्यावरच्या. त्या कधी चुकत नाहीत." मुलीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "दिसतात तुमच्यासारख्याच. पण त्या बारीक आहेत."

गोलाबाईने तिला जमीन कशी आधी तापते ते समजावून दिलं, बाण पुसून सरळ काढून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी शाळा गाठली.

"एकच चित्र आहे, सर. पाच मिनिटं लागतील. पैसे नकोत मला."

"धडे समितीने मंजूर केलेत, बाई. परीक्षेची उत्तरंही त्यांवरूनच तपासतात. आणि तुम्ही आता बाहेरच्या. बाहेरच्या माणसाला हात कसा लावू देऊ?"

परत जाताना ती वर्गाच्या दारापाशी थबकली. पडद्यावर तीच हसत उभी होती. कारकून खुर्चीत पेपर वाचत होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. कारकुनाने मान वर न करता बटण दाबलं, पुढचं चित्र आलं. मुलाने थोडा वेळ वाट पाहून हात खाली घेतला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी खालची मुलगी वही घेऊन आली.

"काकू, मला कळलंय, तुमचंच बरोबर आहे. पण ते लिहिलं तर मार्क जातील. मग कुणाचं लिहू? तुमचं की बाईंचं?"

अकरा वर्षांत तिने एकाही मुलाच्या वहीत चूक राहू दिली नव्हती. आताही खरं तेच तोंडावर आलं होतं. पण मुलगी पेन्सिल धरून तिच्या तोंडाकडे बघत होती, आणि मार्क तिचे जाणार होते.

"बाईंचं लिही," गोलाबाई म्हणाली, आणि खोडरबर तिच्यापुढे सरकवलं.