झाडावरून ‘जास’ म्हणू नये

सोनगीरच्या अलीकडे हायवेच्या कडेला कडुनिंबांची रांग होती. पावसाळ्याआधी त्यांच्या विजेच्या तारांना घासणाऱ्या फांद्या उतरवायच्या, आणि उतरवता उतरवताच आम्हाला झाडं छाटण्याचं शास्त्र शिकवायचं, असं वरून ठरलं. तेही वैशाखात. खानदेशात वैशाखाच्या उन्हात शहाणा माणूस म्हैससुद्धा बांधत नाही, पण ठरवणारे पंख्याखाली बसलेले असतात. त्यांचं काय जातं?

ही ऐंशीच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी एरंडोलकडच्या रस्त्याच्या गँगवर होतो. जळगाव-धुळ्याकडचे माझ्यासारखे बरेच रोजंदार तिथे जमवले होते. शिकवायला पुण्याकडचे एक साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझी जीभ घसरेल. जाड फांदीला आधी खालून करवत लावायची, मग वरून, म्हणजे खोडाची साल सोलून निघत नाही, हे त्यांनीच स्वतः झाडावर चढून दाखवलं. सदऱ्याला घामाचे नकाशे उमटले तरी ते सावलीला बसले नाहीत.

काम जोडीने असायचं. एक जण शिडीवरून झाडावर चढायचा, दुसरा खाली. जोडीच पास, जोडीच नापास. पास झालेल्या जोड्यांना झाडांच्या कामावर कायम करणार होते. त्या एका शब्दासाठी आम्ही सगळे ते ऊन खात होतो.

आमच्यात दोघे सख्खे भाऊ होते, जवळच्याच खेड्यातले. थोरला चाळिशीचा, अबोल, हाडाने काटक. धाकटा पंचविशीचा, नुकतंच लग्न झालेला, सारखा काहीतरी गुणगुणणारा. आईबाप लवकर गेल्यामुळे थोरल्यानेच त्याला वाढवलं होतं. स्वतःचं काहीही होवो, पोरगा कायम झाला पाहिजे, एवढंच त्याचं मागणं होतं. ते तो जेवताना रोज एकदा तरी बोलून दाखवायचा, आणि धाकटा त्याच्या ताटातला कांदा पळवायचा.

साहेबांनी दोन हाका ठरवून दिल्या होत्या. फांदी पडणार असेल तर वरच्याने ओरडायचं, “जाते!” ते ऐकलं की खालच्याने लांब पळायचं. वरचा स्वतः उतरणार असेल तर “येतो!” मग खालच्याने धावत येऊन शिडी धरायची. पुस्तकात वाचायला हे अगदी सोपं.

वर चढणाऱ्या थोरल्याच्या तोंडून पहिली हाक काही निघेना. आमच्या बोलीत ‘जाते’ला ‘जास’ म्हणतात. साहेब ओरडले, तेव्हा तो खाली मान घालून मला म्हणाला, “घरमाईन निंघतांना जास नही म्हनतस, मंग झाडवरतीन कसं म्हनसू?” खरंच होतं. घरातून बाजाराला निघालेला माणूसही आपल्याकडे ‘येतो’ म्हणूनच निघतो. हा तर दोराच्या आधाराने लटकलेला. तो आपला दोन्ही वेळेला “येस!” अशीच आरोळी द्यायचा. फांदी येणार तरी ‘येस’, स्वतः येणार तरी ‘येस’. बोलीत दोन्हीला शब्द एकच.

साहेबांना वाटलं, गडी इंग्रजीत होकार देतोय. “वा! आमचे लोक इंग्रजी बोलायला लागले!” म्हणून ते हसले, आणि आम्हीही हसलो. धाकट्याचं मात्र कधी चुकलं नाही, कारण तो वर बघायचा. फांदी हलली की पळायचा, भावाचा पाय शिडीकडे वळला की शिडी धरायचा. दोघे लहानपणापासून असंच काम करत आलेले. हाकेचा अर्थ डोळ्यांनी लावायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी धाकट्याच्या डोळ्यात करवतीचा भुसा गेला. डोळा लाल होऊन सुजला. साहेब तापले. “वर बघायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं? टोपी खाली, कान वर! उद्या मान वर केलीस तर दोघेही नापास.” धाकट्याने कान पकडले. संध्याकाळी डोळ्यावर ओला फडका धरून भावाला म्हणाला, “आते वर दखनं नही भाऊ, नुसतं आयकनं.” थोरल्याने मान डोलावली. त्याला पोराच्या शहाणपणाचं कौतुकच वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांना सर्वांत मोठा निंब मिळाला. धाकटा टोपी कपाळावर ओढून, मान खाली घालून लांब उभा राहिला. वर करवत चालली होती. आधी खालून, मग वरून, शिकवल्याप्रमाणे. मग करवत थांबली आणि हाक आली.

“येस!”

तो धावला. भावाला उतरवून घ्यायला धावला. शिडीला हात लावेपर्यंत वरून फांदी आली.

आम्ही फांदी उचलली तेव्हा डोक्यावरची टोपी शाबूत होती. तिला चरासुद्धा नव्हता. मान मात्र नको तशी वळली होती. जीपमध्ये घालून धुळ्याला नेलं, पण ते आपल्या समाधानासाठी. शिडी मी धरली. थोरला एक एक पायरी खाली उतरला, कुणी न सांगता दोर सोडला, नीट गुंडाळून ठेवला आणि मग खाली बसला. तो दोर गुंडाळणं मला अजून दिसतं.

चौकशी झाली. ‘ठरवून दिलेली हाक न दिल्यामुळे’ असा निष्कर्ष निघाला. मला त्याचा तेव्हाही संताप आला आणि आजही येतो. ती हाक ठरवताना त्या माणसाला कुणी विचारलं होतं? उलट त्याच्या ‘येस’वर हसून ती चालवूनच घेतली होती. निष्कर्ष लिहिणाऱ्यांना हे सांगणार कोण, आणि ऐकणार कोण? आम्ही बाकीचे कायम झालो. थोरल्याची जोडी मोडली होती. त्याला घरी पाठवलं.

पुढे त्या रस्त्याने बरेचदा गेलो. निंबावरचा तो घाव सुंदर भरून आला होता. चहूबाजूंनी साल वळून आत आली होती. साहेबांनी शिकवलं होतं, छाट बरोबर असेल तर झाड असंच भरून काढतं. छाट बरोबरच होती.

नव्वदच्या दशकात मी धुळ्यात देवपूरला बिऱ्हाड केलं. एकदा थोरला अचानक दारात उभा. दवाखान्याच्या कामाला धुळ्याला आला होता. केस पांढरेशुभ्र. चहा घेतला, धाकट्याच्या बायकोचं दुसरं लग्न लावून दिल्याचं सांगितलं, आणि उठला.

“जास, भाऊ,” म्हणाला.

माझी बायको दचकलीच. “असं बोलू नये आबा. येतो म्हणा.”

तो उंबऱ्यात थांबला. पायात चपला सरकवत, तिच्याकडे न बघता म्हणाला, “एकदाव येस म्हनं मी, अक्का. समदं व्हई गयं.”

आणि गेला. सवयीने माझ्या तोंडून “या” निघालं. त्याने ते ऐकलं असावं, पण मागे वळून पाहिलं नाही.