शंभर किलोची अट

उंच इमारतींच्या काचा पुसणारा हा माणूस जमिनीवर सदानकदा तापलेला, पण दोरावर लटकला की एकदम गार. बावीस वर्षं अशी गेली. आणि आता कंपनीने सुनावलं, शंभर किलोच्या वरचा माणूस दोरावर चालणार नाही, महिन्याने वजन होईल. हा भरला एकशे सहा!

"पाव, भात, बटाटा, सगळं बंद करा दाजी," मेहुणा म्हणाला. "अंडी खा, मांस खा. मी बारा किलो घटवलं."

बायको तडकली. "माझा भाऊ असला तरी सांगते, तो दिवसभर खुर्चीत बसतो. तुम्ही आठ तास लटकता. सगळं खा, पण बेताने. अर्धं ताट भाजी, थोडं वरण, मूठभर भात. आणि त्या सहा कप गोड चहाला आवर घाला."

"तुझ्या बेताने महिन्यात दोन किलो जातील. मला सहा हवेत!"

झालं. याने मेहुण्याचंच ऐकलं. पहिल्या आठवड्यात तीन किलो गेले, स्वारी खूश. "निम्मं पाणीच असेल," बायको म्हणाली, तर याने ताट आपटलं. पुढे काटा अडला, तसा हा अंडीही टाळायला लागला. डोकं ठणकतंय, घरात नुसता आरडाओरडा. पण वजनाच्या दिवशी भरला नव्व्याण्णव. आहे की नाही!

त्याच दुपारी अकराव्या मजल्यावर शेजारून जोडीदार किंचाळला, "हलू नकोस!"

प्रत्येकाला दोन दोर असतात, एक लटकायचा, दुसरा तो तुटला तर जीव वाचवायचा. याने दोन्ही कड्या एकाच दोरात अडकवल्या होत्या. जोडीदाराने सरकत येऊन कडी बदलली आणि खाली उतरताच याची कॉलर धरली.

"एकशे सहाचा होतास तेव्हा बिनघोर लटकायचो तुझ्यासोबत. आता मी येणार नाही. जा, कुणाला सांगायचं ते सांग!"

मेहुण्यावर, काट्यावर, कंपनीवर तो मनातल्या मनात धुमसला. जोडीदारावर मात्र चिडता येईना. घरी बायकोने वाढलं ते त्याने मूठभर भातासकट खाल्लं.

सकाळी तो मुकादमापुढे उभा राहिला. "मला खालीच ठेवा. जोडीदार हो म्हणेल तेव्हा वर पाठवा."

मुकादम हसला. "अरे, कागदावर तू पास आहेस की!"

"मग कागदालाच लटकवा ना वर!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की दोर उलगडत बसलेल्या जोडीदाराने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.