आईचे न बोललेले रविवार

दादा, डिलाईल रोडची आपली खोली मी सोडली त्या सकाळी तू शाळेत होतास. मला समोर बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

बाबांनी गिरणीतली पाळी बुडवली, मला नवा फ्रॉक घातला आणि माटुंग्याला आत्याकडे न्यायला निघाले. गॅलरीतल्या बायका दारात आल्या. "मडम होवन ये गो," शेजारची काकी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. आई हसली नाही. "रडा नको हां. आयतवारी येतंय मी," एवढंच म्हणाली. मी पाच वर्षांची होते. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची होती. मधल्या चार महिन्यांत मला कॉन्व्हेंटने घ्यावं अशी करायची होती.

आत्याने चमच्याने जेवायला शिकवलं, बूट घालायला शिकवलं. "मला"ऐवजी आपलं मालवणी "माका" म्हटलं की समोरचं ताट उचलायची.

रविवारी आई आली. पुढच्या रविवारीही आली. माझ्या डोक्याला तेल लावायची, वेण्या घालायची, गालावरून हात फिरवायची, आणि एक अक्षर बोलायची नाही. तिसऱ्या रविवारी मी हळूच विचारलं, "आये, माजा काय चुकला?" तिने ओठांवर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई माझ्यावर रागावली आहे असं मी ठरवून टाकलं. पुन्हा विचारलं नाही.

खरं काय ते कॉलेजात असताना कळलं. आत्यानेच चहा पिता पिता सांगितलं, मोठी युक्ती केल्यासारखं. ती आईला म्हणाली होती, "वहिनी, तुम्ही येत जा, पण पोरीशी बोलू नका. तुमचं माका-तुका तिच्या तोंडातून जायचं कसं? प्रवेश होईपर्यंत तरी." ती हे आईला सांगत होती तेव्हा बाबा शेजारीच बसले होते. "ता खरा," म्हणाले.

मी आत्याकडे गेले ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. पाळी सुटली की बाबा सभेला जायचे, घसा बसवून परत यायचे. मराठीसाठी त्यांनी लाठी खाल्ली हे तू अजून लोकांना सांगतोस. सांग. पण त्यांच्या पाठीला हळद लावणाऱ्या बाईचं तोंड त्यांनीच बंद केलं होतं, हेही सांगत जा.

मला प्रवेश मिळाला. शाळेतल्या बाईंनी दाखवलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव मी इंग्रजीत सांगितलं. बाबांनी चाळीत पेढे वाटले. शाळेसाठी मी आत्याकडेच राहिले. फक्त आईला, आता बोललीस तरी चालेल, हे सांगायचं कुणालाच सुचलं नाही. तिनेही विचारलं नाही. आज मी फोर्टातल्या ऑफिसात नोकरी करते, आणि आई माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलते. परक्या घरातल्या कपबश्या उचलाव्यात तसे शब्द उचलते.

काल तुझं पत्र आलं. मुलीला सुट्टीत माझ्याकडे पाठवतोस, शाळेआधी तिची भाषा सुधारून द्यायची. खाली तू लिहिलंयस, "आईला सांगून ठेवलंय, ती मध्ये बोलणार नाही."

हे वाक्य लिहिताना तुझा हात थांबला नाही?

मी तिला ठेवून घेणार नाही. इंग्रजी शिकवीन, चांगलं शिकवीन. दर शनिवारी डिलाईल रोडला येईन आणि आईच्या शेजारी बसून शिकवीन. आईला जे सांगून ठेवलंयस ते त्याआधी परत घे. आज घे.

मला घराची आठवण येते का, असंही तू विचारलंयस. दिवाळीत आले तेव्हा दार उघडं होतं. आत आई काकीला काहीतरी सांगत होती, भरभर, कुणाची तरी नक्कल करत. "मगे तेका सांगलंय मी," म्हणाली आणि दोघी खदखदून हसल्या. मी चपला हातात घेऊन गॅलरीत उभी राहिले. तो आवाज ऐकू येतो तेवढंच माझं घर, आणि तेही दाराबाहेरून. मग काकीने मला पाहिलं, आईने वळून पाहिलं. तिचं हसू तसंच राहिलं, आवाज मात्र बदलला.

"तू केव्हा आलीस?" तिने जपून विचारलं.