बासष्ट जणांचे अर्ज

भाईंदरला जेसल पार्कच्या पलीकडे चौदा मजल्यांची एक इमारत नऊ वर्षं सातव्या मजल्यावर अडून होती. तिच्यात उत्तम मांडवकरांचा चारशे चार नंबरचा फ्लॅट होता. म्हणजे कागदावर होता. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं स्टोअर सांभाळून आणि रत्नागिरीकडची वाटणीची आंब्याची कलमं विकून त्यांनी पैसे भरले होते. तोवर ते आणि बायको मंदा भाड्याच्या खोलीत.

शेवटी बिल्डरच्या कंपनीचं दिवाळं निघालं. बँकेने तिला ट्रिब्युनलपुढे उभं केलं, ट्रिब्युनलने कारभार बघायला एक अधिकारी नेमला आणि पेपरात नोटीस आली. कंपनीकडून ज्याचं येणं असेल, त्याने नव्वद दिवसांत दावा लावावा. ज्यांनी आयुष्यात राशनकार्डाशिवाय फॉर्म भरला नव्हता, ते बासष्ट फ्लॅटवाले नोटीस घेऊन थेट उत्तमभाऊंच्या दारात आले.

भाऊंनाही तेच हवं होतं. निवृत्त माणसाला असं दिवाळं देवच देतो. त्यांनी कायदा वाचला, कलमांचे नंबर पाठ केले, शपथपत्राचा नमुना बनवला. कुणाची पावती हरवलेली, कुणाच्या आधारवर आडनाव वेगळं. ईमेल तर निम्म्यांकडे नव्हताच, म्हणून सगळीकडे स्वतःचाच पत्ता टाकला. मंदा चहा करून करून कंटाळली.

"तुमचा भरलात?" तिने तीनदा विचारलं.

"भरतो गं. लोकांचं आधी होऊ दे."

गावकरी मंडळाच्या सत्यनारायणाला भाऊ दरवर्षी वाढायला असत आणि शेवटच्या पंगतीला बसत. वाढणाऱ्याने आधी जेवू नये, हा त्यांचा नेम. तो त्यांनी ट्रिब्युनललाही लावला. नव्वदाव्या दिवशी बासष्टांतल्या शेवटच्या, सुगंधाताईंची फाइल काही केल्या अपलोड होईना. ती एकदाची अपलोड झाली तेव्हा भाऊंनी हात झटकले, सगळ्यांना पेढे वाटले आणि समाधानाने झोपले. स्वतःचा फॉर्म अजून कपाटात आहे, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

कळलं ते सात महिन्यांनी. धनकोंची, म्हणजे येणं असलेल्यांची, यादी लागली, नवा बिल्डर ठरला, त्याच्या योजनेवर मतदान झालं. यादीत बासष्ट नावं होती. भाऊंनी ती दोनदा मोजली, मग बोट ठेवून तिसऱ्यांदा. मग ते मंदाकडे बघेनात.

अधिकारी म्हणाले, उशीर झाला. मग वकीलबाई समिधा यांनी ट्रिब्युनलमध्ये अर्ज केला, की आमच्या अशिलाला तारखेची कल्पना नव्हती. समोरच्या वकिलाने शांतपणे बासष्ट दाव्यांचा गठ्ठा पुढे केला. प्रत्येकावर ईमेल भाऊंचा, मोबाइल भाऊंचा, आणि कोपऱ्यात भाऊंच्याच सुबक अक्षरात: 'शेवटची तारीख लक्षात ठेवावी.' एवढा भक्कम पुरावा एवढ्या मेहनतीने स्वतःविरुद्ध क्वचितच कुणी तयार केला असेल.

अर्ज फेटाळला. अपिलाला तीस दिवस होते. भाऊंनी या वेळी अकराव्याच दिवशी अपील लावलं आणि सुनावणीला वकीलबाईंच्या ऑफिसात स्क्रीनसमोर कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले. उशीर का झाला, असं वरच्या ट्रिब्युनलने विचारलं. वकीलबाई कायदा सांगत होत्या, तेवढ्यात भाऊ मध्येच उभे राहिले.

"साहेब, मी लोकांना वाढत होतो."

स्क्रीनवरच्या दोघा सदस्यांनी वकीलबाईंना पुढे चालू ठेवायला सांगितलं. निकालात ते वाक्य आलं नाही. मंजूर झालेल्या योजनेत उशिरा आलेल्यांना भरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे परत मिळणार होते, व्याजाशिवाय. तेवढंच मिळेल, एवढंच निकालात होतं. त्या पैशांत आता भाईंदरला पार्किंगही येत नाही. भाऊ त्या दिवशी घरी येऊन रडले. मंदाने त्यांना रडू दिलं, पण तिला राग आवरेना.

इमारत मात्र भराभर वर गेली. बासष्ट जणांना किल्ल्यांच्या तारखा मिळाल्या. भाऊंचा फ्लॅट 'दावा नसलेला' म्हणून नव्या बिल्डरने आजच्या भावाने विकायला काढला.

एका रविवारी सुगंधाताई मुलीला, संजनाला, घेऊन आल्या. हातात मिठाईचा बॉक्स.

"भाऊ, तुमचा चारशे चार संजनाने घेतला. म्हटलं, बाहेरचं कोणी घेण्यापेक्षा आपल्यातच राहिला ना?"

भाऊंनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या. बॉक्स घ्यायला मंदा पुढे झाली नाही, ती आत निघून गेली.

"अ‍ॅग्रीमेंट आणलंय," संजना म्हणाली. "काका, एकदा वाचून देताय का? तुमच्याएवढं कुणालाच कळत नाही."

भाऊंनी सवयीने चष्मा लावला, कागद पुढ्यात ओढले, पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलं. चौथ्या पानावर फ्लॅट नंबर लिहिलेला होता. त्यावर बोट ठेवून त्यांनी चष्मा काढला.

"वाचतो. पण फी पडेल. पाचशे."

सुगंधाताईंना धक्काच बसला. "अहो भाऊ, आपल्या माणसांकडून?"

आतून मंदाचा आवाज आला.

"हजार सांगा."