कोट्यधीश चोराला जाब विचारणारे चाचा

अन्याय रफिकचाचांवर झाला. सराव परीक्षेच्या निकालानंतरच्या सोमवारी, सकाळी दहा वाजता, आमच्या क्लासच्या माणसांनी लातूरच्या क्लासगल्लीतल्या त्यांच्या गेमच्या गाळ्याला गाळामालकाकडून कुलूप लावून घेतलं. आरोप काय, तर चाचा पोरांना दरोडे शिकवतात! मी त्याच क्लासला होतो. ते कुलूप बघून गप्प बसलो. म्हणून आज लिहितोय.

गाळ्यात सहा कॉम्प्युटर, सगळ्यांवर एकच गेम. मोठं शहर, मोकळे रस्ते. गाडी चोरा, दुकान लुटा, पैसा जमवा. पण हा गेमवाला गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहून, पडद्यावरच्या चोराकडे बोट करून जाब विचारायचा. "कायकू लुटून राहिला रे ह्यो?"

"पैशासाठी, चाचा."

"कोटी झाले की त्याच्याजवळ! घर हाय, चार गाड्या हायेत. आता कायकू?"

"चाचा, तुम्ही गेमवाले का वकील?" आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. "पयले याला तुरुंगातल्या भावाला सोडवायचं व्हतं, तवर ठीक. आता कशाचीच गरज न्हाई. असल्या माणसाची लई भीती वाटते मला."

भूकंपात त्यांचं गाव पडलं होतं. मदतीचे पैसे उशाला ठेवून शेडच्या पत्र्याकडे दिवसभर बघत पडलेली माणसं त्यांनी पाहिली होती. "उठायचं कोणासाठी, तेच राहिलं नव्हतं," एवढंच सांगायचे.

नायगावचा संदेश परीक्षा दुसऱ्यांदा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचला होता. गेममध्ये त्याच्याएवढा पैसा कोणाकडेच नव्हता. सराव परीक्षेचा निकाल लागला, त्याचे मार्क आणखी घसरले, आणि त्याने लुटणं सोडलं. त्याचा चोर भरल्या खिशाने समुद्राकडे तोंड करून तासभर नुसता उभा असायचा. आम्हाला वाटलं, पोरगं सुधारलं. चाचांनी शेजारी खुर्ची ओढली.

"काय करून राहिला ह्यो?"

"काही न्हाई."

"आन् तू?"

संदेश पडद्यावरच्या समुद्राकडेच बघत होता. चाचांनी तिथल्या तिथे सहाही कॉम्प्युटर बंद केले, त्याचा हात धरला आणि थेट क्लासच्या ऑफिसात गेले. "याच्या बापाला बोलवा. आजच."

संचालक म्हणाले, "पोरं बिघडवता तुम्ही, आणि अक्कल आम्हाला शिकवता?"

फोन काही लागला नाही, कारण कोणी लावलाच नाही. चाचा स्वतः एसटीने संदेशला घेऊन गेले आणि नायगावला त्याच्या आईच्या हाती दिलं. परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी कुलूप.

संदेश आज शेतीच्या मोटारी दुरुस्त करतो. जिवंत आहे. चाचा लातूर सोडून गेले. कुठे, ते कोणालाच माहीत नाही. त्या गाळ्यात आता अभ्यासिका आहे. पडदे लावलेले खण, एकेका खणात एकेक पोर. परवा एका खणातलं पोर तीन दिवस आलं नाही. कोणी विचारलं नाही. नावाची चिठ्ठी काढली आणि तिथे दुसरं बसवलं.

तुमचं पोर त्या गल्लीत असेल तर हा कागद खाली ठेवा आणि आत्ता फोन लावा. मार्क विचारू नका. ‘सगळं ठीक आहे’ म्हणालं तरी विश्वास ठेवू नका. पहिल्या गाडीने निघा आणि त्याला डोळ्यांनी बघा.