सरांनी मोडलेला बांबू

परवा सांगलीच्या मैदानावर लेकीचा बांबूउडीचा फायबरचा पोल हातात घेतला. त्यावर वजनाचा आकडा किलोत लिहिला होता. कोच म्हणाले, "यापेक्षा जास्त वजनाच्या मुलाला हा पोल द्यायचा नसतो." मला माझी आटपाडीची शाळा आठवली.

आमचा पोल म्हणजे बुरुडाकडून आणलेला बांबू. पडायला वाळूचा खड्डा. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी धावायला उभा होतो, तेवढ्यात खेळाच्या सरांनी बांबू मागितला. पेरावरून नख फिरवलं, गुडघा लावून वाकवला. बांबू कडकन मोडला.

"आवं सर, उद्या मी कशावर उडू?" मला रडूच फुटलं.

"उद्या उडायचं न्हाई," सर म्हणाले. "पेराला चीर गेलीया. वर गेल्यावर मोडला असता, तर पोटात घुसला असता, गड्या."

दुसरा बांबू मिळाला नाही, स्पर्धा हुकली. महिनाभर मी सरांशी बोललो नाही. चांगला बांबू त्यांनी मुद्दाम मोडला, असंच वाटायचं.

परवा पोलवर लेकीचे पाय वर, डोकं खाली झालं आणि ती गादीवर पडेपर्यंत माझा श्वास अडकला. तेव्हा कळलं, त्या दिवशी मोडके तुकडे उचलताना सर पुन्हा पुन्हा माझ्याकडे का बघत होते. त्याआधी आठवडाभर मी त्याच बांबूवर उडत होतो, सरांच्या डोळ्यांदेखत.