बोटांची विनाकारण हालचाल

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला सगळ्यात जास्त भीती कुणाची वाटायची, तर वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांची. रुग्ण दगावेल ही भीती त्यानंतरची. खोटं कशाला बोलू?

त्या आठवड्यात त्यात आणखी एक भर पडली. शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकीला एक रुग्ण नेमून दिला आणि सोबत एक छापील कागद. वर लिहिलेलं, 'रुग्णाच्या जीवनाची गुणवत्ता'. झोप लागते का, वेदना किती, आपलं म्हणणं सांगता येतं का, पुढे हो-नाहीचे चौकोन. शनिवारी बाई रुग्णाच्या खाटेपाशी उभं करून विचारणार होत्या. मी मनात म्हटलं, पोटाला टाके, नाकात नळी, इथे कसली आलीय गुणवत्ता! अंग स्वच्छ आहे, पाठीला जखम नाही, ताप नाही, झालं की.

माझे रुग्ण म्हणजे पन्नाशीचे, कापडाच्या लूमवरचे कारागीर, आमच्यासारखेच धुळ्याकडून कामाला इकडे आलेले. आतड्याचं ऑपरेशन झालेलं. बरोबरच्या लोकांनी आणून दाखल केलं आणि ते पाळीवर परत गेले. बायको गावी होती. नळीनं घसा सोलवटलेला, आवाज म्हणजे नुसती हवा. मी विचारलं, "बाबा, गाव कोणतं?" ते कुजबुजले, "बारा." विचारलं, "दुखतंय का?" तर म्हणे, "दिवसपाळी." मी लिहून टाकलं, भान नाही.

दुसऱ्या दिवशी ते बोलायचेच थांबले आणि हात हलवायला लागले. तोंडाकडे, नळीकडे, माझ्याकडे. त्या हातवाऱ्यांत सलाइन निघालं, एकदा नाही, दोनदा. मोठ्या सिस्टरांनी त्यांचे हात खाटेला बांधायला लावले आणि मला त्यांच्या गुजरातीत म्हणाल्या, "ध्यान राखजे. हवे नीकळी तो तारी जवाबदारी." म्हणजे आता सलाइन निघालं तर जबाबदारी माझी!

मी इतके छान बांधले हात! मनगटाला कापूस, वर पट्टी, काचू नये म्हणून बोट घालून बघितलं. स्वतःवर खूश होते मी, आज आठवलं की लाज वाटते. त्यानंतर दोन दिवस दर पाच मिनिटांनी गाठी तपासत होते. त्यांची दोन बोटं तेवढी हलायची, वाकायची आणि मनगट जरा फिरायचं. मी कागदावर लिहिलं, 'बोटांची विनाकारण हालचाल.'

शुक्रवारी दुपारी भुसावळ पॅसेंजरनं त्यांची बायको आली. पिशवी खाली टाकली आणि हातांकडे बघतच राहिली.

"काबरं बांधात वं माय, हात?"

मी मास्कमधूनच सांगितलं, भान नाही, नळ्या ओढतात, काही विचारलं तर भलतंच बोलतात.

"भान नही? अवं, त्यास्ले ऐकू येत नही! लूमवर कान गयात त्यास्ना. तोंड दखीसन समजतस ते. तू तं तोंडच झाकेल शे!"

शहरात साथीच्या रोगाची दहशत बसल्यापासून आमच्या वॉर्डात मास्क काढायची सोय नव्हती. ओठ वाचून समजणाऱ्या माणसासमोर आम्ही चार दिवस फडकी बांधून उभ्या होतो. ते बिचारे अंदाजानं उत्तरं देत होते, किती मशीन चालवता, पाळी कोणती.

आणि ती बोटं! माझे वडील याच शहरात, नवागामला लूमवरच होते हो. दोन बोटं वाकवून मनगट फिरवणं म्हणजे तार तुटली, मशीन थांबव. त्या खडखडाटात कुणाला हाक ऐकू जाते? घरी आईनं भाकरी वाढली की वडील तीच खूण करायचे, बस, थांब. मी ती खूण बघत लहानाची मोठी झाले. इथे तीच खूण माझ्या हाताखाली दोन दिवस चालली होती आणि मी गाठी तपासत होते. मला स्वतःचा असा राग आला की काय सांगू.

मोठ्या सिस्टर जेवायला गेल्या होत्या. मी गाठी सोडल्या. आता नळी ओढली तर टाके उसवतील, माणूस जाईल, माझं शिक्षण जाईल, वडिलांना काय तोंड दाखवू, सगळं एका दमात डोक्यात आलं.

त्यांनी सुटा हात सावकाश वर उचलला. नाकाकडे चालला असं वाटून मी तो धरायला झेपावले. हात नाकापाशी गेलाच नाही. त्यांनी माझ्या मास्ककडे बोट केलं.

मी मास्क खाली ओढला. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, मग हवेसारख्या आवाजात म्हणाले, "पोरी, मी काय चोरी करी व्हती?"

मला रडूच फुटलं. चार दिवस पाणी नाही, हात बांधलेले, कुणी काही सांगत नाही. या माणसाला वाटत होतं आपल्याला शिक्षा झालीय. मी एकेक शब्द ओठांनी नीट सांगितला. नाही बाबा. चूक आमची. आतडं शिवलंय, म्हणून पाणी बंद. उद्या-परवा डॉक्टर देतील. नळी काढली तर जिवाला धोका आहे.

"आते कळनं," ते म्हणाले.

तेवढ्यात व्हरांड्यात मोठ्या सिस्टरांच्या चपलांचा आवाज आला. बाबांना तो ऐकू येणं शक्य नव्हतं, पण माझं तोंड त्यांना दिसत होतं. मी किती घाबरलेय ते त्यांनी बरोबर वाचलं. सलाइनचा हात त्यांनी तसाच निश्चल ठेवला आणि दुसरा हात आपण होऊन पाठीखाली सरकवून, बांधल्यासारखा दाबून धरला.